दहातलं एक बाजूला

कुबेर हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते महिन्यातून एकदाच बाहेर यायचं. खुर्च्यांच्या कारखान्यात मालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना कुबेरच म्हणत, कारण स्टोअरची चावी गेली सव्वीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. कारखान्यात ऑफिसात लागणाऱ्या फिरत्या खुर्च्या बनत. एका खुर्चीला पाच चाकं, दिवसाला ऐंशी खुर्च्या, म्हणजे रोज चारशे चाकं. हा हिशेब कुबेरांना कुणी झोपेत विचारला असता तरी त्यांनी कूस न बदलता सांगितला असता.

आता कुबेर म्हटलं की त्याच्याकडे चार गोष्टी पुरून ठेवलेल्या असणारच. आलेल्या मालातली दहातलं एक चाक ते बाजूला काढत. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे 'वाहतुकीत खराब' असं वळणदार अक्षरात लिहीत आणि चाक जिन्याखालच्या खोलीत जाई. बैठक, पाठ, मधला दांडा हे अवजड भाग, त्यांच्या वाटेला ते जात नसत. चाक मात्र मुठीत मावतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. यात त्यांना एका चाकाचाही फायदा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक भलतंच समजायचे. त्यांना फक्त एक सुख हवं असायचं. चाकं संपली, काम अडलं, की जुळणी विभागाचा फोरमन तोंड पाडून स्टोअरच्या दारात यायचा. "कुबेर, काहीतरी करा हो." कुबेर चष्मा पुसत. "कठीण आहे," म्हणत. मग आत जाऊन, पुरेसा वेळ खोकून, दोनशे चाकांचं पोतं घेऊन बाहेर येत. फोरमनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसायचं, त्यावर कुबेर पुढचा आठवडा काढत.

अशा या सुखी संसारात ईआरपी नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं.

ते बसवायला आलेली मुलगी कुबेरांच्या धाकट्या भाचीएवढी होती, पण तिच्याकडे दोन लॅपटॉप होते म्हणून सगळे तिला मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. "विक्री विभागाने ऑर्डर घातली की कॉम्प्युटर स्वतःच मोजणार, किती चाकं लागतील. स्टोअरमध्ये किती आहेत ते बघणार. कमी असतील तर चाकवाल्याला स्वतःच ऑर्डर पाठवणार. माल आला की साठा वाढवणार, खुर्ची झाली की पाच चाकं वजा करणार. कुणी कुणाला फोन करायचा नाही, कुणाच्या दारात जायचं नाही."

शेवटचं वाक्य कुबेरांच्या काळजात रुतलं. "मग मॅडम, मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही कॉम्प्युटरला खरं ते सांगायचं. बस्स."

लोकांना वाटतं हे सोपं काम आहे.

मालकांनी मग उभं राहून जाहीर केलं की तीन महिन्यांनी स्टोअरची मोजणी होईल. कॉम्प्युटरमधला आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळला तर चावी कुबेरांकडेच राहील. नाही जुळला तर स्टोअर बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं आणि कुबेरांनी निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची. मालक हे हसत हसत बोलले, पण ते कामगार कपातही हसत हसतच करत असत. कुबेरांच्या तोंडचं पाणी पळालं. चावी म्हणजे त्यांची कारखान्यातली सगळी इज्जत होती, आणि गेटवर बसून तीन वर्षं ती आठवत राहायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

तरीही त्यांनी जिन्याखालची बाराशे चाकं काही कॉम्प्युटरला सांगितली नाहीत. नवखा प्राणी, त्याच्या पोटात काय राहतं आणि काय नाही कुणास ठाऊक. रॅकवरचा आकडा चोख भरला आणि गोडीगुलाबीने काम सुरू केलं. पुढच्या आठवड्यात अडीच हजार चाकं आली. सवयीने अडीचशे बाजूला गेली आणि पडद्यावर 'खराब' या शब्दासमोर कुबेरांनी एका बोटाने २५० असं टिपलं. पडदा हिरवा झाला. कुबेरांना वाटलं, चला, हाही आपल्या रजिस्टरसारखाच, काही विचारत नाही.

रजिस्टर विचारत नव्हतं कारण ते कुणी वाचत नव्हतं. हा वाचत होता. कुबेर खुर्चीत मागे रेलायच्या आत त्याने चाकवाल्याला पत्र धाडलं होतं की आपल्या मालातील दहा टक्के चाके सदोष आढळली आहेत, ती त्वरित बदलून द्यावीत. चार दिवसांत अडीचशे नवी चाकं हजर झाली, वर माफीची म्हणून पन्नास जास्त. कुबेर चक्रावले. पण दारात आलेल्या मालातलं दहातलं एक बाजूला काढायचं हा सव्वीस वर्षांचा नेम, तो असा कसा मोडायचा? त्यातलीही तीस जिन्याखाली गेली, त्यांच्याबद्दल नवं पत्र गेलं, आणि नवा माल आला. त्यातच कॉम्प्युटरने अनुभवातून शहाणपण घेतलं. हा चाकवाला दहातलं एक वाईट देतो ना, मग ऑर्डरच तेवढी वाढवून द्यावी, असं त्याचं त्यानेच ठरवलं. ऑर्डर वाढली तसा दहावा हिस्साही वाढला. कुबेर लपवत होते, कॉम्प्युटर मागवत होता, आणि दोघेही आपापल्या जागी अगदी प्रामाणिकपणे काम करत होते.

तेराव्या आठवड्यात जिन्याखालच्या खोलीचं दार लागेना. कुबेरांनी खांद्याने रेटलं तेव्हा आतून चाकं घरंगळत बाहेर आली आणि एक थेट हिशेब विभागापर्यंत गेलं. आत तेव्हा चार हजार आठशे सत्तर चाकं होती. मोजणी चार दिवसांवर आली होती. रॅकवर ठेवावीत तर आकडा जुळत नाही, खोलीत ठेवावीत तर मोजणारे जिन्याखाली वाकून बघणारच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी कुबेरांची अवस्था झाली, आणि या चांदण्यात त्यांना एकच जागा दिसली. आपलं घर.

माल बाहेर काढायला आता गेटपासही कॉम्प्युटरवरच करायचा होता. 'कारण' या रकान्यात त्यांनी 'खराब माल, विल्हेवाट' लिहिलं. 'माल कुठे जाणार' हा रकाना रिकामा ठेवला. कॉम्प्युटर पुढे सरकेना. तिथे लाल चांदणी होती आणि लाल चांदणीचा रकाना भरावाच लागतो असं मॅडमनी शिकवलं होतं. कुबेरांनी 'योग्य ठिकाणी' लिहून पाहिलं. 'पिनकोड द्या,' कॉम्प्युटर म्हणाला. शेवटी वैतागून त्यांनी आपल्या घराचा पत्ता घातला. एरवी गेटवरचा रखवालदार कुबेरांचा डबासुद्धा उघडून बघायचा. पण छापील कागदावर आडव्या-उभ्या काळ्या रेघा बघून त्याने शुक्रवारी संध्याकाळी टेंपोला चक्क सलाम ठोकला.

"अहो, हे काय आणलंत?" पत्नीने दारातच विचारलं.

"चाकं."

"ते दिसतंय मला. का आणलीत?"

"चार दिवस ठेवायची आहेत. कुणाला बोलू नकोस."

कुणाला बोलायची गरजच नव्हती. पंचवीस पोती दुसऱ्या मजल्यावर चढत असताना अख्खी इमारत जिन्यात उभी होती. समोरच्या घरातल्या निवृत्त हेडक्लार्कांनी तर हमालांना कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा हेही सांगितलं. हे हेडक्लार्क म्हणजे उंटावरचे शहाणे. इमारतीची पाण्याची टाकी त्यांच्या सल्ल्याने बांधली होती, त्यामुळे तिच्यात पाणी चढत नसे. "वजन एका खोलीत ठेवू नका, स्लॅब बसेल," ते म्हणाले. म्हणून पोती सगळ्या खोल्यांत वाटली. मग म्हणाले, "दाराजवळ नको, विम्याचा प्रश्न येतो." पोती पुन्हा हलली. कुबेरांचा विमाच नव्हता, पण तोवर ते आठ पोती हलवून बसले होते.

शनिवारी कुबेर कामावरून परत आले तर सोफ्यावर जागा नव्हती, पलंगावर नव्हती, आणि स्वयंपाकघरातल्या पोत्यावर पत्नी भाजी निवडत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मात्र दानशूराचं समाधान होतं. "वरच्या वहिनींना कुंडीखाली लावायला चार दिली. हेडक्लार्कांच्या कपाटाला चार. तळमजल्यावरच्या मावशींच्या शिलाई मशीनला. आणि सेक्रेटरी आले होते, त्यांना सोसायटीच्या सूचनाफलकासाठी सहा."

"सूचनाफलकाला चाकं कशाला?"

"जिथे लोक असतील तिथे नेता येईल म्हणाले."

"अगं, ती मोजलेली आहेत."

"पाच हजारांत चार-दोन इकडेतिकडे झाली तर काय होतंय?" तिने विचारलं. कुबेरांना सव्वीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. ते पाणी प्यायले आणि पोत्यांच्या मध्ये अंग चोरून झोपून गेले.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. हातात चामड्याची छोटी पेटी. "मी चाकवाला," ते म्हणाले. कुबेर गेली वीस वर्षं त्यांच्याशी फोनवर बोलत होते, समोरासमोर आज पहिल्यांदाच बघत होते. गेटपासची एक प्रत कॉम्प्युटरने सौजन्य म्हणून माल बनवणाऱ्यालाही पाठवली होती. पत्ता आणि पिनकोडसकट.

"माझी खराब चाकं बघायला आलोय," चाकवाले म्हणाले. "रागावून नाही. चूक कुठे होते ते कळावं म्हणून."

ते एका पोत्यावर बसले. पेटीतून भिंग आणि जाडी मोजायची मापी काढली आणि एकेक चाक तपासायला लागले. भिंगाखाली धरायचं, मापी लावायची, फरशीवर सोडायचं. चाक सरळ रेषेत जाऊन भिंतीला टेकायचं. कुबेर एक परत आणून द्यायचे, ते दुसरं सोडायचे. पत्नीने चहा आणला तो गार झाला. असं दीड तास चाललं. दोनशेवं चाक भिंतीला टेकल्यावर चाकवाल्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एकही खराब नाही हो."

कुबेर भिंतीजवळचं चाक उचलून आणू लागले.

"माझ्याकडे साच्यावर माझा धाकटा भाऊ बसतो. तीस वर्षं झाली. तुमचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी त्याला साच्यावरून उठवलं. म्हटलं, तुझे डोळे गेले आता, घरी बस. तो हात पुसून उठला. पण तेव्हापासून माझ्यासमोर जेवायला बसत नाही." चाकवाले एक चाक हातात फिरवत होते. "आता घरी जाऊन त्याला काय सांगू, तेवढं मला सांगा."

कुबेरांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. मोजणीची भीती होती, गेटची भीती होती, पण ही भीती नव्हती. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं त्याला आपण एका बोटाने घरी बसवलं, आणि ते कशासाठी, तर फोरमनने आपल्या दारात येऊन तोंड पाडावं म्हणून. त्यांनी सगळं सांगितलं. जिन्याखालची खोली, दहातलं एक, वळणदार अक्षर, सगळं.

चाकवाल्यांनी भिंग आणि मापी पेटीत ठेवली. मग म्हणाले, "हे मला सांगून भागायचं नाही. पत्र ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत यायला हवं. माझा भाऊ माझ्या बोलण्यावर आता विश्वास ठेवत नाही, छापलेल्यावर ठेवतो."

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, चावी जाईल."

"जाईल."

"मग मी वहिनींकडून कुंडीची चाकं मागून आणते," ती म्हणाली आणि पदर खोचून वर गेली.

चाकं देताना हसणारी माणसं परत करताना हसत नाहीत. तळमजल्यावरच्या मावशींनी अर्ध्या शिवलेल्या झबल्याची शपथ घातली. हेडक्लार्कांनी, एकदा दिलेली वस्तू मागण्याचा अधिकार किती दिवस टिकतो यावर पाऊण तास घेतला आणि मग कपाटच कलंडवून चाकं उपसली. सेक्रेटरी म्हणाले, फलक ही सोसायटीची मालमत्ता आहे, कार्यकारिणीकडे लेखी अर्ज करा. कुबेरांनी अर्ज लिहिला. अर्ज सूचनाफलकावर लावावा लागेल, असं सेक्रेटरी म्हणाले. तो लावायला फलक शोधायला गेले तर उतारावरून घरंगळत तो सायकलींच्या शेडमध्ये जाऊन पडला होता, आणि त्यामुळे त्याच्या चाकांवरची सेक्रेटरींची मायाही उडाली होती. रात्रीच्या जेवणाआधी चार हजार आठशे सत्तर चाकं पुन्हा पोत्यांत होती.

सोमवारी सकाळी टेंपो उलट्या दिशेने आला. रखवालदाराने पुन्हा सलाम केला. कुबेर कॉम्प्युटरसमोर बसले, जिन्याखालची जुनी बाराशे चाकं आधी साठ्यात भरली आणि तीन महिन्यांतली प्रत्येक 'खराब' नोंद रद्द करायला घेतली. कॉम्प्युटरने कारण विचारलं. यादीत चार कारणं होती, 'चुकीची मोजणी', 'दुबार नोंद', 'माल परत' आणि 'इतर'. 'चुकीची मोजणी' वर त्यांचं बोट जरा थांबलं. किती सोपं होतं. मोजणीत चूक कुणाचीही होते, कुणी जाब विचारला नसता. पण कुबेरांची मोजणी कधी चुकली नव्हती आणि हे खोटं त्यांना आधीच्या सगळ्या खोट्यांपेक्षा जड वाटलं. त्यांनी 'इतर' दाबलं. एक छोटा रकाना उघडला, त्यात जेमतेम एक ओळ मावत होती. सव्वीस वर्षांचं सगळं त्या ओळीत कसं बसवायचं याचा त्यांनी थोडा विचार केला आणि एका बोटाने लिहिलं. 'चाके चांगली होती. मी लपवली.'

पडदा हिरवा झाला. पत्र चाकवाल्याला गेलं, खरेदी विभागाला गेलं, मॅडमना गेलं आणि मालकांनाही गेलं. कॉम्प्युटरचा तो स्वभावच होता.

मंगळवारी मोजणी झाली. मालक, मॅडम, फोरमन सगळे स्टोअरमध्ये. मालकांचा चेहरा गंभीर होता. पोती उघडायच्या आत मॅडमनी विचारलं, "काका, किती आहेत?" कुबेर म्हणाले, "रॅकवर तीन हजार एकशे साठ, पोत्यांत चार हजार आठशे सत्तर." चौघांनी चार तास मोजली. आठ हजार तीस भरली, पडद्यावरच्या आकड्याइतकीच, ना एक कमी ना एक जास्त.

कुबेरांनी कमरेची चावी काढून मेजावर ठेवली. एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि चाकवाले आत आले. त्यांच्या मागून भिंगाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावलेला एक माणूस आला. त्याच्या हातात ते छापलेलं पत्र होतं, घडी घालून उघडून मऊ झालेलं. त्याने कुबेरांकडे नीट निरखून पाहिलं. "लपवताना चाक कधी हातात घेऊन बघितलंत का?" त्याने विचारलं.

"प्रत्येक," कुबेर म्हणाले.

"कशी होती?"

"एक नंबर."

धाकट्याने मान डोलावली, पत्र खिशात ठेवलं आणि तो भावाला म्हणाला, "चल, साचा तापत ठेवून आलोय."

"पुढच्या महिन्यात मी दुसऱ्याकडून चाकं घ्यायच्या करारावर सही करणार होतो," मालक पुटपुटले. "कॉम्प्युटरच सांगत होता, हा माणूस खराब माल देतो म्हणून."

"कॉम्प्युटरला खोटं सांगणारे मला रोज भेटतात," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं ते खोटं होतं, असं लिहून देणारे काका पहिलेच." मग त्यांनी जिन्याखालच्या खोलीला रीतसर क्रमांक दिला आणि पडद्यावर नोंद केली, 'राखीव साठा, चाके, बाराशे.' उरलेली चाकं रॅकवर आली. पुढचे नऊ दिवस कॉम्प्युटरने एकही चाक मागवलं नाही. फोरमन आपल्या जागेवर बसूनच चाकं मागू लागला. स्टोअरच्या दारात आता कुणी येत नसे, याचं कुबेरांना पुढचे चार दिवस फार वाईट वाटलं.

मालकांनी चावी उचलून कुबेरांच्या हातात ठेवली होती, ती मोजणीच्याच दिवशी, सगळे गेल्यावर. मग दाराबाहेर कुणी नाही ना हे बघून ते हळूच जवळ सरकले.

"कुबेर, सगळं छान झालं. पण आपलं म्हणून विचारतो. कॉम्प्युटरला न सांगितलेली थोडीफार आहेत ना कुठे, अडीअडचणीला?"

"नाहीत, मालक."

"दोनशे? शंभर?"

"एकही नाही."

मालक कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मग मला रात्री झोप कशी लागायची?"